वाळूजला चाळीस फुटी ट्रेलर डॉकला लावताना घाम निघतो, जाणत्यांनी सांगावं

गंगापूरचा घोडेवाला | मंगळवार, रात्री १०.४०

राम राम मंडळी. दहा चाकी गाडीवर अकरा वर्षं काढली. डाळ, सिमेंट, कापसाच्या गाठी, काय म्हणाल ते ओढलं. चार महिन्यांपासून ट्रेलरवर आहे. न्हावाशेवाहून चाळीस फुटी कंटेनर उचलायचा आणि वाळूज, शेंद्रा, कधी जालना गाठायचं. रोडला काडीचा त्रास नाही. खरी परीक्षा कंपनीच्या गेटाच्या आत सुरू होते.

परवाचीच गोष्ट. वाळूजची एक कंपनी, नाव नको. आत शिरलं की डाव्या हाताला ओळीनं चार डॉक, म्हणजे माल चढवा-उतरवायचे धक्के, आणि उजव्या हाताला कामगारांच्या मोटारसायकलींची शेड. दोन्हींच्या मध्ये जागा किती, तर गाडी डॉकला सरळ लावून उभी केली की घोड्याच्या, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीच्या, नाकापुढं वीसेक फूट उरतात. त्यातही शेडच्या बाहेर मोटारसायकलींची दुसरी ओळ. मला तीन नंबर दिला. दोनला आणि चारला आधीच गाड्या लागलेल्या.

एक तास दहा मिनिटं लागली. शेपूट डावीकडं न्यायची तर डावा आरसा हाताच्या पलीकडं, त्यात निम्मा कंटेनरच दिसतो. क्लीनर ओरडतोय "आन दे, आन दे", वॉचमन ओरडतोय "थांब, थांब", फोर्कलिफ्टवाली पोरं मोबाइलवर शूटिंग करायलीत. शेवटी पन्हाळीचा पाइप वाकवला. पंधराशे रुपये खिशातून गेले आणि गाडी खोटी झाली, म्हणजे खोळंबली, ती वेगळीच.

दोनच प्रश्न. हे जमवतात कसं? आणि चूक माझी की जागेची?

वात्रट लातूरकर | मंगळवार, रात्री ११.०५

आमच्याकडं डाळ मिलच्या बोळात ट्रक मागं घ्यायला ड्रायव्हर लागतच नाही. सात हमाल आणि एक चहावाला लागतो. सगळे एकदम सांगतात, ड्रायव्हर कुणाचंच ऐकत नाही आणि गाडी बरोब्बर लागते.

शूटिंग असंल तर टाका की इथं.

अंबडचे नाना | बुधवार, सकाळी ६.२०

घोडेवाले, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. चूक जागेची, पाइप तुझा.

आता बाकीचं. मी सव्वीस वर्षं ट्रेलर चालवला, आता गुडघ्यानं घरी बसवलंय, त्यामुळं सविस्तर लिहायला वेळ आहे.

दहा चाकी गाडी एका जीवाची असती. ट्रेलर म्हणजे दोन जीव, मध्ये किंगपिनचा सांधा. पुढं जाताना घोडा ओढतो तवर ट्रेलर गुमान मागं येतो. मागं येताना घोडा त्याला ढकलतो, आणि ढकललेली वस्तू सरळ जात नसती. तराजूची दांडी डोळ्यांपुढं आण. ट्रेलरची मागची चाकं म्हणजे दांडीचा मधला खिळा. किंगपिनचं टोक उजवीकडं ढकललं की शेपटीचं टोक डावीकडं. एवढीच गोम आहे. नवीन माणसानं स्टेअरिंग वरून धरूच नाही, खालून धरावं, घड्याळात सहा वाजतात तिथं. हात जिकडं जाईल तिकडं शेपूट जाईल. डोक्याला उलटंपालटं करायची गरज राहत नाही.

पण खरी अडचण याच्या पुढं आहे. तू मारलेली काट, म्हणजे फिरवलेलं स्टेअरिंग, ट्रेलरला लगेच कळत नाही. चार-पाच फूट मागं गेल्यावर कळती. नवा माणूस वाट बघत नाही, अजून काट मारतो, आणि मग शेपूट एकदम वळती. दुसरं म्हणजे कोन एकदा पडला की स्टेअरिंग सरळ केलं तरी तो वाढतच जातो, आपोआप थांबत नाही. त्याला थांबवायला उलटी काट द्यावी लागती, आणि ती कोन पुरता व्हायच्या आधी. पुरता झाल्यावर दिली तर उशीर झाला. मग घोडा ट्रेलरच्या कुशीत शिरतो, हवेचे पाइप ताणतात, केबिनचा मागचा कोपरा कंटेनरला लागतो. तिथं जोर करायचा नाही. गाडी पुढं घ्यायची, सरळ करायची, पुन्हा यायचं. तीनदा पुढं घेतली म्हणून कुणी पगार कापत नाही. लाज वाटून जो मागंच रेटतो तो पाइप वाकवतो.

वेग किती? वेग नाहीच. रिव्हर्स गिअर, क्लच पूर्ण सोडलेला, रेसवर पाय नाही. इंजिन आपल्या चालीनं जेवढी सरकवील तेवढीच. अर्ध्या क्लचवर खेळशील तर वासही येईल आणि खर्चही.

आणि सगळ्यात मोठं. डॉक डाव्या हाताला ठेवून तू मागं आलास काऊन? आपण बसतो उजवीकडं. शेपूट उजवीकडं वळवली तर खिडकीतून मान काढून शेवटचं चाक दिसतं, डॉकच्या कडेला गाडी टेकते तो रबर दिसतो, शेजारची गाडी दिसती. डावीकडं वळवली की सगळं क्लीनरच्या भरवशावर. डॉक ड्रायव्हर साइडला येईल असं आत शिरायचं बघ. भिंतीपासून सात-आठ फूट सोडून डॉकच्या कडेकडेनं पुढं जायचं, आपला डॉक ओलांडला की घोड्याचं तोंड डावीकडं बाहेर काढायचं, मग उजवीकडं वळवून घोडा आणि ट्रेलर एका ओळीत आणायचे. आता गाडी तिरपी उभी आहे आणि शेपूट डॉकाकडं बघती. निम्मं काम इथंच झालं, रिव्हर्स टाकायच्या आधीच. उलटं लाव, म्हणजे गाडी वाकडीतिकडी उभी करून मागं यायला लाग, तर ब्रह्मदेव आला तरी तासच लागणार.

एक युक्ती. उतरून जा, डॉकापुढं तुझं ड्रायव्हर साइडचं शेवटचं चाक जिथून जायला पाहिजे तिथं पाण्याची भरलेली बाटली ठेव. आरशात बाटली शोध. भिंत, शेड, माणसं काही बघायचं नाही.

काळ्या रानातला | बुधवार, सकाळी ८.५०

नाना, पटलं. आमच्या माजलगाव भागात ट्रॅक्टरवर वाढलेली पोरं आहेत, त्यांना ट्रेलर द्या, दोन दिवसांत लावतील. दोन चाकी ट्रॉली रिव्हर्स घेणं म्हणजे हेच तर आहे. त्याच्याही आधी बैलगाडी. बैल मागं सरले की गाडीचं बूड उलट्या अंगाला जातंच.

बाकी पावसाळ्याचं कुणी लिहिलं नाही. यार्डात मुरूम टाकलेला नसेल तर काळ्या मातीत पुढची चाकं काट मारूनही सरळच घसरतात. तुम्ही स्टेअरिंग फिरवताय आणि घोडा ऐकतच नाही. मग चूक शोधत बसायचं नाही, चाकं पक्क्यावर येईपर्यंत गाडी पुढं घ्यायची.

अंबडचे नाना | बुधवार, सकाळी ९.३०

अर्धं बरोबर. ट्रॉली आखूड असती, म्हणून लगेच वळती. चाळीस फुटी सावकाश वळती आणि वळायला लागली की थांबत नाही. ट्रॅक्टरवाल्या पोराचा हात लई चपळ असतो, तीच त्याची खोड. वीस फुटी कंटेनरच्या आखूड ट्रेलरवर तो राजा, चाळीस फुटीवर पहिला महिना रडतो.

आणि उसाच्या डबल ट्रॉलीचं सांग की. ती कुणी रिव्हर्स घेतो का?

काळ्या रानातला | बुधवार, सकाळी ९.४२

नाही. पिन काढतात, मागची ट्रॉली सोडतात. चार चाकी ट्रॉलीला पुढचा धुराही फिरतो, म्हणजे एकाच ट्रॉलीत दोन सांधे. तशा दोन जोडल्या तर देवालाही हिशेब लागायचा नाही. म्हणून कारखान्यावर वजनकाट्यापासून गव्हाणीपर्यंत सगळा रस्ता पुढं पुढं जायचाच ठेवलेला असतो.

नकाशेवाली | बुधवार, दुपारी १.१५

काळ्या रानातल्या दादांनी शेवटी जे लिहिलं तेच मी सांगणार होते. कारखान्याला कळलंय की हे वाहन मागे येत नाही, म्हणून त्यांनी जागा तशी आखली. कंपन्या मात्र जागा कशीही आखतात आणि ड्रायव्हरकडून कसरत मागतात.

मी औद्योगिक इमारतींचे नकाशे करते, चिकलठाणा आणि शेंद्रा भागात बरीच कामं झाली आहेत. साधा ठोकताळा असा की डॉकच्या तोंडापासून समोरच्या अडथळ्यापर्यंत वाहनाच्या लांबीच्या दुप्पट मोकळी जागा हवी. घोडा आणि चाळीस फुटी ट्रेलर मिळून पन्नास-पंचावन्न फूट भरतात, म्हणजे शंभराच्या वर फूट लागतात. घोडेवाल्यांच्या वर्णनावरून तिथे सत्तरच्या आसपास दिसतात आणि बाहेरची ओळ धरली तर त्याहून कमी. वाळूजच्या जुन्या प्लॉटांवर हे नेहमीचं आहे. ते डॉक बांधले तेव्हा डोळ्यांपुढे सहा चाकी ट्रक होता. पुढे माल निर्यातीला जाऊ लागला, कंटेनर आला, डॉक तोच राहिला.

आता नानांच्या ड्रायव्हर साइडच्या मुद्द्याबद्दल. अमेरिकेतल्या नियमपुस्तकांत लिहिलेलं असतं की यार्डातली वाहतूक घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. कारण तिथला ड्रायव्हर डावीकडे बसतो, आणि उलट फिरलं की इमारत त्याच्या डाव्या हाताला येते. आपला ड्रायव्हर उजवीकडे बसतो, म्हणून आपल्याकडे वाहतूक घड्याळाच्या दिशेने फिरायला हवी. हे इतकं साधं आहे. तरी तिकडचा नकाशा बाणांसकट जसाच्या तसा उचललेला मी स्वतः दोनदा पाहिला आहे. एकदा बांधकामाआधी लक्षात आलं, बाणांची दिशा बदलली, एक रुपया खर्च आला नाही. दुसऱ्यांदा गेट बांधून झालं होतं.

आणखी एक. डॉककडे उतार असलेल्या जागी जास्त सांभाळा. शेपूट खाली गेली की कंटेनरचा माथा इमारतीकडे झुकतो, आणि खालचा रबर लागायच्या आधी वरचा पत्रा भिंतीला लागतो. खाली बघणाऱ्या माणसाला ते दिसत नाही.

डिस्पॅचवाला | बुधवार, सायंकाळी ७.००

सगळे आम्हालाच धुताय, मग आमचंही ऐका. मी ती कंपनी नव्हे, पण अशाच एका ठिकाणी डिस्पॅच बघतो. "तीन नंबरच का" असं ड्रायव्हर रोज विचारतो. कारण एक नंबरचा डॉक लेव्हलर (डॉक आणि गाडी यांच्या मधली फट झाकणारी पाटी) महिन्यापासून बंद आहे आणि माल तीनच्या मागेच रचलाय. हौस नाही आम्हाला.

ड्रायव्हर लोकांच्या पण चुका असतात. दहातले तीन जण कंटेनरची दारं न उघडताच डॉकला लावतात. मग आत उभे राहून आम्ही बंद दाराकडे बघतो. पुन्हा गाडी पुढे, सील तोडायला सुपरवायझरला बोलवा, दारं उघडून दोन्ही बाजूंना हुकात अडकवा, पुन्हा मागे. अर्धा तास गेला. दारं उघडी असली की दोन्ही अंगांना काही इंच रुंदी वाढते, तीही शेजारच्या गाडीजवळ ध्यानात ठेवावी लागते.

आणि चावी. आम्ही चावी मागितली की ड्रायव्हरला अपमान वाटतो. फोर्कलिफ्ट कंटेनरमध्ये असताना गाडी फूटभर जरी पुढे सरकली तर लेव्हलरची पाटी निसटते आणि फोर्कलिफ्ट चार फूट खाली. म्हणून चाकाला ठोकळा आणि चावी ऑफिसात.

गंगापूरचा घोडेवाला | बुधवार, रात्री ९.१०

चावी देतो साहेब. पण चावी देऊन सहा तास उन्हात बसायचं, संडासाला विचारलं तर "बाहेर जा", आणि खोटीचे पैसे मागितले तर "ट्रान्सपोर्टला विचारा". त्याचंही लिहा की.

डिस्पॅचवाला | बुधवार, रात्री ९.२५

त्यावर माझ्याकडं उत्तर नाही. खरं आहे.

माजी क्लीनर | गुरुवार, सकाळी ७.४५

मी आता किराणा दुकान चालवतो, पण चौदा ते बावीस या वयात क्लीनर होतो. धाग्यात सगळे ड्रायव्हर आणि साहेब बोलले, मागं उभा राहणारा कुणी बोलला नाही.

घोडेवाले, तुमच्याकडं त्या दिवशी दोघं ओरडत होते. तिथंच गाडी बिघडली. सांगणारा एकच पाहिजे. आमच्या गाडीत थापेची भाषा होती. पत्र्यावर एक थाप म्हणजे थांब, दोन थापा म्हणजे चालू दे. दुसऱ्या गाडीत उलटं असायचं, म्हणून ड्रायव्हर बदलला की पहिलं हे विचारून घ्यायचं. आता गाडीत गाणी लावलेली असतात, थाप ऐकू जात नाही, म्हणून हात दाखवा. आणि हात दाखवायचा तर ड्रायव्हरला आरशात दिसंल अशा जागी उभं राहून. क्लीनर आरशातून गायब झाला की ब्रेक. तो दिसेपर्यंत गाडी हलवायची नाही. उस्तादानं मला पहिल्या दिवशी हेच शिकवलं.

शिकवूनही व्हायचं ते झालंच. जालन्याच्या एका गोदामात धक्क्याला गाडी लागत होती. वीतभर राहिलं होतं. रबर फाटलाय का बघायला मी हात घातला. उस्तादाला वाटलं मी बाजूलाच आहे. डाव्या हाताची दोन बोटं गेली. गोदामवाल्यानं रिक्षाचे पैसे दिले, तेवढेच. उस्ताद त्यानंतर महिनाभर माझ्या हातानं जेवण वाढू देत नव्हता, स्वतः वाढायचा.

गाडी आणि धक्का यांच्या मधल्या जागेत कुणीच जायचं नाही. वीतभर राहू दे नाहीतर हातभर.

वात्रट लातूरकर | गुरुवार, सकाळी ८.१०

दादा, वाचून गप्प झालो. माझा वरचा विनोद मागं घेतो.

नवा शिकाऊ, परभणी | गुरुवार, दुपारी ३.३०

सगळ्यांना नमस्कार. मागं कॅमेरा बसवला तर हे सगळं सोपं होणार नाही का? पाच-सात हजारांत मिळतो.

अंबडचे नाना | गुरुवार, दुपारी ४.४०

बसव की. शेवटच्या पाच फुटांना चांगला. पण कॅमेरा शेपटीचं दाखवतो, घोड्याच्या नाकाचं नाही. मागं बघत बघत पुढचा कोपरा मोटारसायकलींवर घातलेले मी बघितलेत. शिवाय ट्रेलर रोज बदलतो, घोडा तुझा आणि ट्रेलर दुसऱ्याचा, मग कॅमेरा कुणाच्या बुडाला लावणार? मेमध्ये दुपारी चारला पश्चिमेकडं तोंड करून उभा राहिलास की डोळ्यात ऊन आणि मागं डॉकमध्ये काळोख. तिथं कॅमेराही आंधळा आणि आपणही. दोन मिनिटं थांबायचं, उतरायचं, डोळे सरावले की मग.

आता नवीन गाडीत एसी आला. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकांना तो सक्तीचाच केलाय. चांगलं झालं, आमचं आयुष्य इंजिनाच्या धगीत गेलं. पण रिव्हर्स टाकताना काच खाली घे बाबा. कान बाहेर पाहिजेत.

नवा शिकाऊ, परभणी | गुरुवार, सायंकाळी ५.०५

आणि सराव कुठं करायचा? मालक गाडी देत नाही.

अंबडचे नाना | गुरुवार, सायंकाळी ५.५०

जालन्याला स्टीलच्या कारखान्यांत भंगाराचे कंटेनर येतात, तिथं मोकळी यार्डं असतात. आपला नंबर लागायला वेळ असला की परवानगी काढून दोन दगड ठेवायचे आणि त्यांच्यामध्ये गाडी घालायची. पहिले आठ दिवस फक्त सरळ रेषेत मागं ये. सरळ येणं सगळ्यात अवघड, करून बघ. एक सांगून ठेवतो, फक्त मोकळ्यावर शिकलेला माणूस वाळूजला आल्यावर गांगरतो. तिथं दगड नसतात, दुसऱ्याच्या गाड्या असतात.

गंगापूरचा घोडेवाला | पुढच्या सोमवारी, रात्री १०.१५

मंडळी, आज परत तीच कंपनी, तोच तीन नंबर. सगळ्यांचं सगळं डोक्यात घेऊन गेलो.

गेटावर वॉचमनला म्हणलं, मामा, आज उलटं शिरू द्या. डॉकच्या पुढं सरळ गेलं की इमारतीच्या टोकाला मोकळी जागा आहे, पण तिथं लाकडी पॅलेट रचलेत. ते हलवले तर गाडी फिरवून परत येतो, मग डॉक माझ्या उजव्या हाताला. मामा म्हणाले साहेबांना विचारतो. साहेब आले, म्हणाले नियम नाही. मी म्हणलं, मागच्या वेळी तास दहा मिनिटं लागली, तुमचा फोर्कलिफ्ट तेवढा वेळ रिकामा उभा होता, त्याचं भाडं काढा. थोडा वेळ बघत राहिले. मग त्या शूटिंगवाल्या पोरांनाच पॅलेट हलवायला लावले. बाहेरच्या ओळीतल्या मोटारसायकली मात्र कुणी काढीना. शेवटी भोंगा झाला, पहिली पाळी सुटली आणि आपोआप निघाल्या. तोवर दारं उघडून, हुकात अडकवून तयार.

क्लीनरला सांगितलं, तू एकटाच बोलायचं, आणि ड्रायव्हर साइडलाच उभं राहायचं. बाटली ठेवली. दोनदा पुढं घेतली. दुसऱ्या वेळी कोन पडायला लागल्याबरोबर उलटी काट दिली आणि काय सांगू नाना, शेपूट अशी आत गेली जशी म्हैस गोठ्यात. बावीस मिनिटं. त्यातली सात मी उतरून बघण्यात घालवली.

पन्हाळीचा वाकलेला पाइप तसाच आहे. पंधराशे घेतले, बदलला नाही.

वात्रट लातूरकर | सोमवार, रात्री १०.२२

पाइप बदलला नाही? मग पावती मागा.

अंबडचे नाना | मंगळवार, सकाळी ६.०५

बावीस चांगली आहेत. बाटली उचललीस का तिथून?

गंगापूरचा घोडेवाला | मंगळवार, सकाळी ६.४०

नाही नाना. चाकाखाली गेली.